तत्त्वाची किंमत कोणी मोजायची?

लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती बसवली आणि वायफाय मुके झाले, तर यंत्र बिघडलेलेच असते असे नाही. ब्रॉडकॉमच्या कित्येक चिपांना कंपनीचे बंदिस्त फर्मवेअर लागते. ते वेगळे आणावे लागते. कुठून? इंटरनेटवरून! डेबियनने असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. जे उघडून तपासता येत नाही ते मुक्त म्हणून कसे द्यायचे, हा त्यांचा सवाल. सवाल खरा होता. पण या सोवळ्याची झळ बसे ती ज्याच्याकडे केबल नाही, दुसरे यंत्र नाही, त्याला. तत्त्व एकाचे आणि उपास दुसऱ्याला, हा कुठला न्याय? २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदानाने ते आत घेतले. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते सोबत येते. ही माघार मला त्या सोवळ्याहून प्रामाणिक वाटते. नको असलेल्याला ते नाकारताही येते.