फेल गेलेल्या बोअरची नोंद

तेल शोधण्याचा धंदा मुळातच गुपितांचा. कोणत्या जमिनीखाली तेल असू शकतं हे ज्याला आधी उमगतं, तो ती जमीन स्वस्तात भाड्याने घेतो. शेजाऱ्याला सुगावा लागला की भाव चढतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमा आणि टेक्सासमधल्या कंपन्यांनी भूगर्भशास्त्रज्ञांना नोकरीवर घेतलं, तेव्हा खडक ओळखण्याइतकंच तोंड बंद ठेवणंही त्या नोकरीत अपेक्षित होतं. तरीही 1917 च्या फेब्रुवारीत टल्सा या शहरात हीच माणसं एकत्र बसली आणि त्यांनी आपली संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स हे नाव मिळालं. एकमेकांच्या मुळावर उठलेल्या कंपन्यांचे नोकर सभेत आपलं संशोधन वाचून दाखवू लागले, आणि ते छापलंही जाऊ लागलं.

अकोल्यात बसून या गोष्टीचा विचार करावासा वाटतो, कारण वऱ्हाडात तेल नसलं तरी जमिनीला भोकं पाडायचं आपण काही बाकी ठेवलेलं नाही. त्या भोकांनी जे सांगितलं, ते मात्र आपण फेकून दिलं.

टल्साच्या लोकांनी उदारपणाने ज्ञान वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांची अडचण होती. एका कंपनीच्या विहिरी तिच्या हद्दीत संपतात, पण खडकाचा थर हद्द ओळखत नाही. वाळूचा खडक इथे हजार फुटांवर लागला, पलीकडे तो वर आला की खाली गेला, हे पलीकडच्या विहिरीशिवाय कळायचं कसं? जमिनीत घुमटासारखा उंचवटा असेल तिथे तेल-वायू साठतात, हा विचार आय. सी. व्हाइट यांनी 1885 मध्येच छापून मांडला होता. तो उंचवटा प्रत्यक्ष सापडायचा तर चारचौघांच्या नोंदी एका नकाशावर याव्या लागतात. या लोकांनी त्यातून एक वाट काढली. पुढची जमीन कुठे घेणार, ते आपल्यापाशी ठेवायचं. खडक काय सांगतो आणि तो वाचायची रीत कोणती, ते सभेत मांडायचं. नफा आणि ज्ञान यांच्यामधली ही सीमारेषा मला फार शहाणपणाची वाटते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तीन बायकांचं काम. एस्थर अ‍ॅप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर. तिघी टेक्सासमध्ये, तीन वेगवेगळ्या तेल कंपन्यांत नोकरीला. विहीर खणताना वर येणारा दगडाचा चुरा तपासणं हे त्यांचं काम. थराचं वय शंखशिंपल्यांवरून ठरवायची जुनी रीत होती, पण यंत्राच्या पात्याखाली शिंपल्यांचा भुगा होई. फोरामिनिफेरा नावाच्या समुद्री जीवांची कवचं मात्र इतकी बारीक की ती पात्यातूनही शाबूत वर येत. त्यांवरून थर ओळखता येईल, असं या तिघींचं म्हणणं होतं. 1921 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका सभेत ही कल्पना मांडली गेली, तेव्हा एका नामांकित प्राध्यापकाने ती तिथल्या तिथे उडवून लावली. त्या मागे हटल्या नाहीत. 1925 मध्ये टल्साच्या संघटनेच्या पत्रिकेत तिघींच्या नावाने एकच लेख आला: टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीचे भूमिगत थर. तीन कंपन्यांच्या विहिरी एका लेखात. त्यानंतर सूक्ष्मजीवाश्म तपासणारा माणूस तेल कंपन्यांना आपल्याकडे असावासा वाटू लागला. या तिघी आपापल्या सूक्ष्मदर्शकापुढे एकेकट्या बसल्या असत्या, तर प्रत्येकीजवळ फक्त एक अंदाज राहिला असता.

आपल्या देशातही असं घडलं आहे. डिगबोईला 1889 मध्ये तेल लागलं. पुढे आसामच्या डोंगरांत बर्मा ऑइल कंपनीच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पायपीट केली. ते काम कंपनीच्या कपाटातच राहू शकलं असतं. पण 1932 मध्ये पर्सी इव्हान्स यांनी आसामच्या तृतीयक थरांची सगळी उतरंड मांडणारा प्रदीर्घ निबंध मायनिंग अँड जिऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. बरैल, सुरमा, तिपाम ही थरांची नावं घेतल्याशिवाय आसामच्या खडकांबद्दल आजही कोणाला बोलता येत नाही. पुढे 1964 च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद पहिल्यांदाच आशियात, नवी दिल्लीत भरली. अध्यक्ष होते दाराशॉ वाडिया. त्या परिषदेसाठी ‘ऑइल इन इंडिया’ ही पुस्तिका लिहिली एल. पी. माथुर आणि पर्सी इव्हान्स यांनी. एक सरकारी सेवेतला भारतीय, दुसरा परदेशी कंपनीत उमेदवारी केलेला इंग्रज. स्वातंत्र्यानंतर तेल कोणाच्या ताब्यात राहावं यावर कडाक्याचे वाद झाले होते, आणि तरीही ही दोन नावं एका पानावर आली.

आता वऱ्हाड. इथल्या जमिनीबद्दल कोणी लिहिलंच नाही असं नाही. पूर्णेच्या खोऱ्यावर ए. बी. विन यांचं टिपण 1869 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये आलं. त्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याचा, म्हणजे खारपाणपट्ट्याचा, विचार तेव्हापासूनचा आहे. काळ्या पाषाणाखाली, म्हणजे बसाल्टखाली, काय दडलंय, हा प्रश्न तर थेट तेलाशी जाऊन भिडतो. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या पायाखाली पाषाणाच्याही आधीचे, डायनासोरच्या काळातले लॅमेटा थर उघडे पडलेले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या के. एल. कैला आणि सहकाऱ्यांनी सुरुंगाच्या कंपनलहरी पाठवून दख्खनच्या पाषाणाची जाडी मोजली. त्यांची एक मापनरेषा उज्जैनहून निघून सातपुडा ओलांडत आपल्या महानपर्यंत आली. अकोला शहर ज्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पितं, तेच महान. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात पाषाणाखाली मध्यजीव युगातलं गाळाचं खोरं लपलेलं असावं, हा निष्कर्ष कैला यांनी 1988 मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या दख्खन बसाल्टवरील खंडात मांडला. तेल शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला, आणि महाविद्यालयातल्या पोरालाही तो वाचता येतो.

खोलवरचं हे ज्ञान असं सर्वांसाठी खुलं आहे. पहिल्या हजार फुटांचं, ज्यावर आपली संत्री आणि आपली तहान अवलंबून आहे, ते मात्र कोणाकडेच एकत्र नाही. वरूड-मोर्शीच्या बागायतदारांनी एकेका वावरात किती बोअर घेतले ते त्यांनाच विचारा. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली गाडी रात्रभर चालते, फुटाच्या हिशेबाने पैसे घेते आणि सकाळी पुढच्या गावी जाते. मुरूम कुठे संपला, काळा पाषाण कुठे लागला, लाल थर किती फुटांवर आला, पाणी किती इंची, सगळं त्या रात्री यंत्रावरच्या माणसाला ठाऊक असतं. चुरा तिथेच ढिगाने पडलेला असतो. आठवड्याभरात तो वावरात मिसळतो. बोअर फेल गेला असेल तर शेतकरी त्याचं नावही काढत नाही. कर्ज काढून केलेला खर्च वाया गेलेला असतो, त्याचं दुःख मी समजू शकतो. पण भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने फेल गेलेला बोअर पाणी लागलेल्या बोअरइतकाच बोलका असतो. तेलवाल्यांनी कोरड्या विहिरींच्या नोंदी जपल्या, त्यांवर निबंध वाचले, आणि पुढची विहीर कुठे घेऊ नये ते त्यांतून शिकले.

बसाल्टमध्ये पाणी भेगांत, झिजलेल्या थरांत आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यांत असतं. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरचा कोरडा जातो. एका नोंदीवरून काही सांगता येत नाही, हे खरं. पण लाव्हाचे प्रवाह मैलोनमैल पसरलेले असतात, आणि एका शिवारातल्या शंभर नोंदी एका कागदावर आल्या तर ते सांधे दिसू लागतील. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, तिचं काम मोलाचं आहे, पण तिच्या विहिरी मोजक्या आणि आपले बोअर अगणित.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. पाण्याचा थर सगळ्यांना कळला तर सगळे तिथेच तुटून पडतील. अमेरिकेत तेलाचं तेच झालं. जो उपसेल त्याचं तेल, असा तिथला कायदा. 1930 मध्ये पूर्व टेक्सासचं क्षेत्र सापडल्यावर इतका उपसा झाला की पुढच्या वर्षी पिंपाचा भाव दहा सेंटांवर घसरला आणि गव्हर्नरला सैनिक पाठवावे लागले. नुसत्या ज्ञानाने उपसा थांबत नाही, ही गोष्ट मान्य. मात्र नोंदच नसेल तर पातळी किती खाली गेली हेही सिद्ध करता येत नाही, आणि त्याशिवाय कोणत्या गावाला ‘थांबा’ म्हणणार?

अमरावतीत विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था आहे, संत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, दोन्हीकडे भूगर्भशास्त्र शिकवलं जातं. त्यांनी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, अमरावतीत किंवा अकोल्यात बैठक बोलवावी. प्राध्यापक यावेत, भूजल खात्याचे अधिकारी यावेत, पाणाडे यावेत, बोअरच्या गाड्यांचे मालक यावेत, आणि वरूडचे व दर्यापूरचे शेतकरी आपापल्या बोअरची खोली, थर आणि पाणी कागदावर लिहून आणावेत. फेल गेलेले आधी. जे मांडलं जाईल ते मराठीत छापावं. आणि तुमच्या वावरात यंदा गाडी उभी राहणार असेल, तर दर वीस फुटांचा मूठभर चुरा पिशवीत भरा, वर खोली लिहा आणि ती पिशवी टाकू नका.