खाडाखोड

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच ती सांगते, जणू काही पोरगा आत जाऊन बसला आहे. मागच्या दिवाळीत तो बिद्रीला आला आणि फराळाच्या ताटावरच जाहीर करता झाला, "मामा, माझी दुरुस्ती स्वीकारली!"

मला वाटलं, मोटरसायकलची. पण प्रकरण निराळं होतं. गिट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. लिनस टोरवाल्डस या गृहस्थानं ते २००५ साली केलं. इंग्रजी बोलीत 'गिट' म्हणजे मूर्ख किंवा खवट माणूस. मी माझ्या सगळ्या कामांना माझंच नाव देतो, आधी लिनक्स, आता गिट, असा त्याचा स्वतःचाच विनोद आहे. तर या गिटच्या माहितीपुस्तकात 'इट्स' या शब्दाला नको तिथे ॲपॉस्ट्रॉफी लागला होता. तो आमच्या भाच्यानं काढला.

"म्हणजे तू शब्दाची शेंडी कापलीस," मी म्हणालो. "एवढ्यासाठी तुझ्या बापानं इंजिनिअरिंगची फी भरली?"

तुम्ही म्हणाल, मामानं भाच्याची थट्टा करावी हे ठीकच आहे. पण खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला होता. मी बी.कॉम. असलो तरी शुद्धलेखनाचा आजार मला लहानपणापासून आहे. लग्नपत्रिका आली की मी आधी वेलांट्या बघतो, मग नवरानवरी. हॉटेलातल्या पाटीवर 'शीरा' लिहिलेला असला की मला तो गिळत नाही.

"आणि पूर्वीचं चुकीचं वाक्य कुठं गेलं?" मी विचारलं.

"कुठंच नाही. तेही आतच आहे," भाचा म्हणाला. गिटमध्ये म्हणे जुनी ओळ पुसून नवी लिहीत नाहीत. जुनी काय होती, नवी काय आहे, कुणी बदलली, कधी आणि कशासाठी, हे सगळं नोंदलेलं राहतं. कारणाची चिठ्ठीसुद्धा आज्ञार्थात लिहायची. 'चूक दुरुस्त केली' नव्हे, 'चूक दुरुस्त कर'! आणि कोणती ओळ शेवटी कुणाच्या हातची, हे दाखवणारी एक आज्ञाही आहे. तिचं नाव 'ब्लेम'. आमच्या बँकेत त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही, ते काम कर्मचारी आपणहून करतात.

हे ऐकलं आणि माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. कारण हे तर आमचं लेजर! मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत मोठमोठी लेजरं होती. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनी सांगितलं होतं: चूक झाली तर आकडा गिरवायचा नाही, खोडरबर लावायचा नाही, ब्लेड तर मुळीच नाही. जुनं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची.

मी ते ऐकलं आणि महिन्याभरातच मोडलं.

त्याचं असं झालं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खात्यावर त्याच्या नावातली शेवटची वेलांटी ऱ्हस्व होती. रोज ते पान उघडलं की ती माझ्या डोळ्यांत खुपायची. एका दुपारी मॅनेजर जेवायला गेले असताना मी ब्लेडनं ती अलगद खरवडली आणि झोकदार दीर्घ वेलांटी काढली. सही केली नाही. परोपकाराची कुणी सही करतं का?

पुढं ऑडिटर आले. त्यांनी पान उजेडासमोर धरलं. नावावर खरवडलेलं! खातं थांबवलं. नेमकं त्याच आठवड्यात दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचं उसाचं बिल जमा झालेलं, आणि म्हाताऱ्याच्या नातीची फी भरायची मुदत जवळ आलेली. म्हातारा रोज यायचा आणि रिकाम्या हातानं परत जायचा. सगळा गाव त्याला ओळखत होता, फक्त कागद ओळखत नव्हता. खरवडलं कुणी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तीन दिवस मान खाली घालून व्हाउचरं लावत होतो.

चौथ्या दिवशी म्हातारा मॅनेजरांपुढं हात जोडून म्हणाला, "साहेब, माझंच कायतरी चुकलं असंल. मला लिवाय-वाचाय येत न्हाई न्हवं."

मग मात्र मला बसवेना. मी उठलो आणि सांगून टाकलं. मॅनेजर रागावले नाहीत, ते अधिक वाईट. त्यांनी तांबडं पेन आणि कागद पुढं केला. काय खोडलं, का खोडलं, कधी खोडलं, सगळं लिहून खाली सही. माझं पहिलं सविस्तर मराठी लेखन ते. म्हाताऱ्याला मी चूक समजावून सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "ऱ्हस्व काय नि दीर्घ काय, ऊस तेवढाच हाय न्हवं?"

दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करायचा हक्क कुणाला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. दुरुस्ती क्षुल्लक असते म्हणून तो सुटत नाही. त्याच गिटमध्ये न नोंदलेलं काम कायमचं टाकून देणारी एक आज्ञा आहे. तिच्याविषयीच्या वाक्यात एखादा नकार गळला, तर कुणाच्या तरी दिवसभराच्या मेहनतीवर पाणी! तेव्हा दुरुस्ती हवीच. पण कशी?

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले. १५८४ साली एकनाथमहाराजांनी प्रती ताडून ती शुद्ध केली. त्यांनी चूक ज्ञानेश्वरांच्या पदरात घातली नाही. ग्रंथ मुळात शुद्धच, बिघडला तो पाठांतरांनी, असं त्यांनी म्हटलं. शेवटी आपलं नाव आणि शक घातला, आणि पुढच्यांनी आपल्या ओव्या यात घुसवू नयेत अशी ताकीदही देऊन ठेवली. नाव, तारीख, कारण! पैठणचा तो संशोधक लेजरचा नियम पाळून गेला.

शिवाय आजची चूक ही कालची चूक असतेच असं नाही. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'आलें, गेलें' असे अनुस्वार आहेत. ते तेव्हा बरोबरच होते. १९६२ साली शासनानं नवे लेखननियम मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आता ती पत्रं मी ब्लेड घेऊन शुद्ध करायला बसलो, तर अनुस्वारांबरोबर आजोबाही खरवडले जातील. म्हणून मला वाटतं, दुरुस्तीचा हक्क व्याकरण जाणणाऱ्याला नाही. जुनं वाचता येईल असं ठेवून खाली आपली सही करायची ज्याची तयारी आहे, त्यालाच तो आहे. पुढं कुणी म्हणेल, 'तुझीच दुरुस्ती चूक होती', आणि त्याला ते म्हणता आलं पाहिजे.

असो. हा लेख लिहून मी सौ.च्या हाती दिला. तिनं तांबड्या पेनानं सात ठिकाणी खुणा करून परत केला. मी म्हटलं, "नियमाप्रमाणे प्रत्येक खुणेपाशी सही कर."

ती म्हणाली, "तुमच्या चुका सुधारून प्रत्येकीखाली सही करायची तर मला लग्नाच्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल."