दोन मांजरे, एक ताटली

आपल्या घरात एक मोठे मांजर आहे आणि आता एक पिल्लूही आले आहे. दोघांसमोर एकच ताटली ठेवून आपण समाधान मानतो की, आपण समान वागलो. परंतु मोठे मांजर घाईने सर्व संपवते आणि पिल्लू बाजूला सरते. याला न्याय म्हणता येईल काय?

एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि भक्ष्य शोधण्यास मोकळेही सोडले नाही, त्यामुळे ती शिक्षेस पात्र ठरली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत आले आहे. दार आपण लावले की आतल्या जिवाची भूक आपल्याकडे अमानत होते. आणि प्रत्येकाची भूक वेगळी असते. पिल्लाचे पोट लहान, वाढ मात्र वेगाने होणारी. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, अधिक पौष्टिक अन्न लागते. मोठ्याला दोन वेळचे मोजके पुरते. पिल्लाचा आहार रोज खाल्ल्यास ते स्थूल होते.

ज्याचा जो हक्क, तो त्याला पोहोचवणे म्हणजे अद्ल. पिल्लाला वेगळ्या खोलीत पाव तास निवांत खाऊ द्यावे. त्याच वेळी मोठ्यासमोर त्याची ताटली ठेवावी. एवढा पाव तास आपण देत नाही आणि आपल्या आळसालाच समानता म्हणतो.

प्रिय वाचकहो, ताटली ठेवली म्हणजे कर्तव्य संपत नाही. अन्न कोणाच्या पोटात गेले, हे पाहणेही आपल्यावरच आहे. मुका जीव तक्रार करत नाही; पण अल्लाह सर्व पाहत आहे.