जिचं वासरू गेलं होतं

इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी घरात दहा वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह झाला. सारखी तहान, रात्री लघवीसाठी उठणं, बघता बघता गळ्याची हाडं दिसू लागली. निदान झालं, इन्सुलिन सुरू झालं आणि सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. "पोरीची इम्युनिटी कमजोर आहे. ताकद वाढली की इंजेक्शनं बंद." आजीला ते पटलं. नातीच्या पोटात रोज सुई टोचलेली कुठल्या आजीला बघवेल?

दिवाळीला मुलीची आत्या माहेरी आली. ती डॉक्टर. ओट्यावरचा काढा पाहून तिने आपल्या आईला, म्हणजे आजीला, समोर बसवलं.

"आई, हिची ताकद कमी पडली नाही. हिच्याच टी पेशींनी हिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. इन्सुलिन थांबवलंस तर पोर हातची जाईल."

"आपलंच शरीर आपल्यावर कसं उठेल गं?"

"उठू शकतं. प्रत्येकाच्या शरीरात तशा पेशी असतात."

मग तिने सगळं नीट सांगितलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी पेशी घडतात. कुठली पेशी काय ओळखणार हे योगायोगाने ठरतं, म्हणून काही पेशी आपल्याच शरीराला ओळखणाऱ्या निघतात. थायमसमध्ये त्यांना शरीरातली प्रथिनं दाखवली जातात, इन्सुलिनसुद्धा. त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. काही मात्र निसटून बाहेर येतात. आणि आपल्याच प्रथिनांना ओळखणाऱ्या काही पेशी जिवंत राहून वेगळ्या कामाला लागतात. त्या नियामक टी पेशी. मारेकरी पेशी जे ओळखून धावून जाते, बरेचदा तेच ओळखून नियामक पेशी तिला आवरते.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. 1969 मध्ये जपानमध्ये जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांचा थायमस काढला गेला. टी पेशी घडवणारी ग्रंथीच गेली, म्हणजे उंदीर दुबळे व्हायला हवेत. झालं उलटंच, त्यांचे स्वतःचेच अवयव खराब झाले. पुढे शिमोन साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशी दिल्या, तेव्हा हा आजार टळला. म्हणजे टी पेशींमध्येच आवरणाऱ्या काही होत्या. 1995 मध्ये त्यांनी त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. 2001 मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडलं. ते बिघडलं तर या पेशी नीट घडतच नाहीत, आणि अशा मुलग्यांना पुष्कळदा तान्हेपणीच मधुमेह होतो. तिघांना 2025 चं नोबेल मिळालं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की लढण्याची ताकद शाबूत असलेलं शरीरही आजारी पडतं.

मुलगी इतका वेळ गप्प बसून ऐकत होती. "आजी, ही आवरणारी पेशी म्हणजे तर आडा बाजारातली गाय!"

राजवाड्याजवळच्या त्या बाजाराची दंतकथा तिला आजीनेच सांगितली होती. अहिल्यादेवींच्या मुलाच्या रथाखाली एक वासरू चिरडलं. देवींनी न्याय दिला की मुलालाही तसंच रथाखाली घालायचं. सारथी धजेनात, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. पण गाय रस्त्यात आडवी उभी राहिली. हाकलली की परत येई. जिचं वासरू गेलं होतं, तीच.

आजीने विचारलं, "मग हिच्या अंगातली गाय कुठे गेली?"

"गेली नाही, कमी पडली. काहींच्या बाबतीत नियामक पेशी दुबळ्या पडतात, काहींच्या बाबतीत मारेकरी पेशी त्यांना जुमानत नाहीत. जनुकांचा वाटा असतो, त्यावर आणखी कशाची तरी ठिणगी पडते. हिने काही खाल्लं म्हणून किंवा तुम्ही काही चुकलात म्हणून हे झालेलं नाही."

"आणता येईल का परत?"

"या पेशी शरीराबाहेर वाढवून परत सोडायचे प्रयोग चालू आहेत. पण मेलेल्या पेशींचं काम आज इन्सुलिनच करतं."

आजी उठली, काढा मोरीत ओतला आणि हात धुऊन आली.

"दुपारी हिची आई कामावर असते. ते इंजेक्शन कसं द्यायचं, मला शिकव."