मोबदल्याचें सोंवळें

खेळावें तें केवळ आनंदासाठीं. त्याबद्दल पैसा घेणें हा खेळास विटाळ होय, हें मत ऐकतांच सज्जनांच्या माना डोलूं लागतात. परंतु एखादें तत्त्व उदात्त दिसतें, एवढ्यावरून तें न्याय्य ठरत नाहीं. त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हें पाहिल्यावांचून त्याची पारख होत नाहीं. अशी पारख करण्यास गस रिस्मन या रग्बीपटूचें चरित्र फार उपयोगी आहे.

इंग्लंडांत रग्बीचे दोन पंथ झाले ते १८९५ सालीं. उत्तरेकडील खेळाडूंपैकीं पुष्कळ जण गिरण्यांत व खाणींत राबणारे. सामन्यास जावें तर त्यांची मजुरी बुडे. ती भरून देण्याची मुभा असावी, ही सूचना रग्बी युनियननें १८९३ मध्यें फेटाळली. तेव्हां उत्तरेकडील संघांनीं हडर्सफील्ड येथें जमून वेगळी चूल मांडली, व बुडालेल्या दिवसाबद्दल सहा शिलिंग देण्याचें ठरलें. हीच पुढें रग्बी लीग झाली. जो तिकडे गेला, त्यास युनियननें वाळींत टाकलें.

रिस्मन १९११ सालीं वेल्समधील कार्डिफ येथें जन्मला. १९२९ मध्यें, अठरा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, तो इंग्लंडांतील सॅल्फर्ड या लीगच्या संघांत गेला, आणि युनियनचें दार त्यास बंद झालें. १९३८ मध्यें सॅल्फर्डनें त्याच्या नेतृत्वाखालीं चॅलेंज कप जिंकला. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि सैन्यांत असलेल्या लीगच्या खेळाडूंस युनियननें आपल्या मैदानावर येऊं दिलें. कालपर्यंत वर्ज्य असलेला रिस्मन सैनिकी सामन्यांत वेल्सतर्फे युनियनचा खेळ खेळला. १९४४ मध्यें ब्रॅडफर्ड येथें त्याच्या नेतृत्वाखालीं लीगच्या सैनिकांनीं युनियनच्या सैनिकांस युनियनच्याच नियमांनीं १५-१० असें हरविलें. युद्ध संपलें, आणि दार पुनः बंद झालें.

यावर कोणी म्हणेल, हा आपद्धर्म होता. परंतु आपद्धर्म प्राण वांचविण्यापुरता असतो. दुष्काळांत निषिद्ध अन्न खाणारा भुकेनें अगतिक झालेला असतो; येथें सामना न झाल्यानें कोणाचा प्राण जाणार नव्हता. ज्यांच्याशीं खांद्यास खांदा लावून मरणास सामोरें जावयाचें, त्यांच्याशीं खेळण्यानें विटाळ होत नाहीं, हें युद्धांत उमगलें असेल, तर शांततेंत तें विसरण्यास कारण काय? सोयीनें सुटणारें आणि सोयीनें पाळलें जाणारें सोंवळें हा नीतिनियम नव्हे. ज्यांस मजुरी बुडण्याची भीति नाहीं, अशांनीं आपल्या सवडीस दिलेलें तें शीलाचें नांव होय.

पैसा खेळाचा स्वामी झाला, तर खेळाचा बाजार होतो, ही भीति मात्र खोटी नव्हे. पण लोभ निराळा आणि श्रमाचें मोल निराळें. विद्यादानाबद्दल वेतन घेणारे आम्ही अध्यापक हा भेद आपल्यापुरता सहज मान्य करतों; मग खाणींतल्या मजुरास तो नाकारण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

मोबदल्यानें रिस्मनची खेळावरील निष्ठा उणावली, असें दिसत नाहीं. १९४६ सालीं ‘इंडॉमिटेबल’ या विमानवाहू नौकेवरून ऑस्ट्रेलियास गेलेल्या ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा तो कर्णधार होता. ती कसोटी-मालिका एकही सामना न गमावतां त्याच्या संघानें जिंकली. १९५२ मध्यें, वयाचीं ४१ वर्षें उलटल्यावर, त्यानें वर्किंग्टन टाउन या संघास चॅलेंज कप मिळवून दिला. केवळ सहा शिलिंगांसाठीं कोणी पंचवीस वर्षें अंग ठेंचून घेत नाहीं.

अखेर १९९५ मध्यें, त्या फुटीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, युनियननेंच आपल्या खेळाडूंना मोबदला घेण्याची मोकळीक दिली. तें पाहण्यास रिस्मन उरला नव्हता. तो आदल्याच वर्षीं वारला होता. चुकीचा नियम केव्हां तरी सुटतो, एवढ्यावर आपण समाधान मानतों; परंतु तो सुटेपर्यंत ज्यांचीं आयुष्यें सरलीं, त्यांचें देणें कोणी फेडावयाचें, या प्रश्नाचें उत्तर अशा समाधानांतून मिळत नाहीं.