जमावाच्या हातून झालेला खून कोणाचा?

एका मनुष्याने दुसऱ्याचा प्राण घेतला, तर खुनी कोण हे सांगणे कठीण नसते. परंतु शंभर जण मिळून एकास ठार मारतात, तेव्हा जो तो म्हणतो, "मी तर एकच काठी मारली." मग तो खून कोणाचा?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारले. मुले पळविणारे आले आहेत, एवढ्या अफवेवर हे घडले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस, अशा हत्येकरिता निराळा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाने संसदेस केली. पुढे भारतीय न्याय संहिता झाली व ती १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या १०३ व्या कलमान्वये, पाच अथवा अधिक जणांनी संगनमताने जात, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच एखाद्या कारणावरून खून केल्यास त्यांतील प्रत्येकास मृत्युदंड अथवा जन्मठेप आणि शिवाय दंडही होतो.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? बेकायदेशीर जमावातील प्रत्येकास जबाबदार धरण्याची सोय सन १८६० च्या दंडसंहितेतही होतीच, आणि खुनाची शिक्षाही तीच होती. हे खरे आहे. शिवाय नव्या कलमात अफवेचे नाव नाही. ती "अशाच एखाद्या कारणात" मोडते की नाही, हे न्यायाधीशांस ठरवावे लागेल. तेवढी उणीव दूर व्हावी, असे आम्हांस वाटते. तथापि ज्या पापास निराळे नाव नव्हते, त्यास ते मिळाले, हे थोडे नव्हे. नाव नसले म्हणजे मनुष्य आपल्या पापास "गावाचा राग" म्हणून झाकून ठेवतो.

पण मारणाऱ्यांच्या सभोवती जे उभे असतात, त्यांचे काय? स्तेफनास दगडमार झाली तेव्हा शौलाने दगड उचलला नव्हता. मारणाऱ्यांची वस्त्रे मात्र त्याच्या पायांशी होती, आणि तो वध त्यास मान्य होता. पुढे त्याने स्वतःच हे कबूल केले. नुसत्या बघ्यास न्यायालय बहुधा सोडून देईल. परंतु त्याचे अंतःकरण त्यास सोडील काय?

वाचकहो, कायदा कितीही सुधारला तरी साक्षीवाचून तो मुका आहे. सारा गाव "आम्ही पाहिले नाही" म्हणू लागला, तर उत्तम कलमही कागदावरच राहते. म्हणून परक्या मनुष्याविषयी संशय आल्यास त्याच्या अंगास हात न लावता पोलीस पाटलास बोलवावे, ठाण्यावर खबर द्यावी, आणि ती येईपर्यंत त्या मनुष्याच्या आड उभे राहावे. आणि इतके करूनही अनर्थ घडलाच, तर जे पाहिले ते न्यायासनापुढे निर्भयपणे सांगावे. मेलेल्याचे एवढे ऋण जिवंतांवर राहतेच.