कायदा झाला, अंतःकरणाचे काय?



न्यायाचे राज्य यावे, ही मनुष्याची पुरातन आशा होय. १९५० साली संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय उघडिले. परंतु २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास त्यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात कित्येक गावी दलितांची घरे जाळण्यात आली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

कायदा हात आवरितो. अंतःकरण पालटीत नाही. आपणही प्रभुभोजनास एकत्र बसतो, आणि सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारितो. यास्तव दुसऱ्यास दोष लावण्यापूर्वी आपणच प्रभूपुढे पश्चात्ताप करावा.